हाई कोनी शिवेल शे?

कुठलाही कपडा हातात आला की आमचे आजोबा, म्हणजे आप्पा, आधी तो उलटा करीत. कापडाचा रंग, नक्षी आणि भाव या गोष्टी त्यांच्या लेखी नंतरच्या होत्या. टाका किती दाट आहे, शिवणीला माया किती सोडली आहे, काजाच्या टोकाला दोरा नीट अडकवला आहे की नुसता तोडला आहे, हे निरखून झाले की ते अहिराणीत एकच प्रश्न विचारीत, "हाई कोनी शिवेल शे?" हे कोणी शिवले आहे? लग्नाला आलेला पाहुणा असो की मुंबईहून आलेला जावई असो, आप्पांनी त्याच्या सदऱ्याची कॉलर उलटून पाहिली नाही असे सहसा झाले नाही, आणि आमच्या घरातल्या बायकांना त्याचा संकोच वाटत असे.

आप्पांचे दुकान अमळनेरला होते. दुकान म्हणजे घराच्या ओट्यावर मांडलेले एक पायमशीन, एक बेतायचा फळकूट आणि कोळशाची इस्त्री, एवढाच पसारा. लग्नसराईत मात्र ते रात्री दुसरे काम करीत. गावातल्या एका मोठ्या दुकानाचे कोट नगावर शिवायला घरी येत. कोट पुरा झाला की त्या दुकानाच्या नावाची विणलेली रेशमी पट्टी आतल्या खिशाच्या वर लावायची असे आणि ते काम आप्पा मशीनवर करीत नसत. चष्मा कपाळावर सरकवून, कोट मांडीवर घेऊन, बारीक सुईने ती पट्टी चारही बाजूंनी ते हाताने टाचत. त्या कोटांची गावात तारीफ होई ती त्या दुकानाच्या नावाने होई. आप्पा याविषयी कधी काही बोलल्याचे मला आठवत नाही, पण वरातीत तसा कोट दिसला की ते बाजूला उभे राहून त्याच्या खांद्याकडे पाहत राहत, हे मी दहा वर्षांची असताना पाहिले आहे.

पुढे मी जळगावला शिवणशास्त्र शिकवू लागले आणि त्याबरोबर वेशभूषेचा इतिहासही शिकवावा लागला. आधुनिक फॅशनच्या इतिहासात जितक्या दंतकथा सांगितल्या जातात तितक्या दुसऱ्या कुठल्या विषयात सांगितल्या जात असतील असे मला वाटत नाही. त्यातल्या बहुतेक दंतकथांची घडण आप्पांच्या हातातल्या त्या रेशमी पट्टीसारखीच आहे. काम अनेकांच्या हातांचे असते, आणि त्यावर नाव एकाचे टाचले जाते.

जीन्सचे उदाहरण घेऊ. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी माणसे धावली, लेव्ही स्ट्रॉस नावाचा व्यापारी तंबूचे कापड घेऊन तिथे गेला, तंबू खपेनात म्हणून त्याने त्याच कापडाच्या विजारी शिवून खाणकामगारांना विकल्या आणि जीन्स जन्माला आली, ही गोष्ट माझ्या विद्यार्थिनींना पाठ असते. प्रत्यक्षात स्ट्रॉस सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचला तो १८५३ साली, म्हणजे सोन्याची धांदल सुरू झाल्यानंतर चार-पाच वर्षांनी, आणि तिथे त्याने कापड व किरकोळ मालाची घाऊक पेढी चालवली. तो शिंपी नव्हता. शिंपी होता जेकब डेव्हिस. रीगा शहरात जन्मलेला हा माणूस अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात रीनो या छोट्या गावी तंबू, घोड्यांच्या झुली आणि गाड्यांवरची आच्छादने शिवत असे. १८७०-७१ च्या हिवाळ्यात एक बाई त्याच्याकडे आली. तिचा नवरा लाकूडतोड्या होता, अंगाने आडदांड होता आणि त्याच्या विजारी टिकत नसत. विजार सगळ्यात आधी खिशाच्या कोपऱ्यात उसवते, हे कुठल्याही शिंप्याला ठाऊक असते. घोड्यांच्या झुलींना लावायचे तांब्याचे रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवायचे खिळे, डेव्हिसच्या मेजावर पडलेले होते. त्याने ते खिशांच्या कोपऱ्यांत ठोकले. ती विजार निळीसुद्धा नव्हती. जाड्या पांढुरक्या डक कापडाची होती, आणि तिची किंमत तीन डॉलर होती.

विजारींना मागणी वाढू लागली तेव्हा आपली युक्ती कोणी उचलू नये म्हणून डेव्हिसला पेटंट हवे होते. त्यासाठी त्याने १८७२ साली आपल्या कापडाच्या पुरवठादाराला, म्हणजे लेव्ही स्ट्रॉसला, पत्र लिहिले. २० मे १८७३ रोजी पेटंट मिळाले ते डेव्हिसच्या नावाने, स्ट्रॉसची पेढी त्यात भागीदार होती. डेव्हिस सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि तिथल्या उत्पादनावर देखरेख करू लागला. १९०६ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत कंपनीची जुनी कागदपत्रे जळून गेली आणि त्या राखेवर तंबूच्या कापडाची गोष्ट सुखाने वाढली. स्ट्रॉसने काही लबाडी केली असे मी म्हणत नाही. पेटंटवर दोघांचीही नावे आहेत. तरीही खिशाचा कोपरा उसवतो हे ज्याने हजार विजारी हाताळून ओळखले, त्याचे नाव आज जीन्स घालणाऱ्या शंभरांतल्या एकालाही सांगता येत नाही, याचे मला वाईट वाटते.

भुसावळला रेल्वेच्या लोको शेडमधून सुटणारे कामगार मी लहानपणी पाहिले आहेत. त्यांच्या अंगात जाड्या निळ्या कापडाचा तेलकट पोशाख असे आणि त्याला सगळे डांगरी म्हणत. हा शब्द इंग्रजांनी आपल्याला दिला अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. इंग्रजी शब्दकोश मात्र त्याचे मूळ आपल्याकडच्या 'डुंगरी' या शब्दात दाखवतात. डुंगरी म्हणजे जाडेभरडे, स्वस्त सुती कापड, आणि त्याचा संबंध मुंबईच्या डोंगरीशी जोडला जातो. विजारीची युक्ती रीनोच्या शिंप्याची असली तरी कष्टकऱ्याच्या अंगावरच्या जाड कापडाचे एक नाव आपल्या किनाऱ्यावरून जहाजात चढले होते.

शिवणयंत्राची कथाही अशीच आहे आणि ती मला जास्त लागते, कारण आप्पांच्या ओट्यावर तेच यंत्र होते. शिवणयंत्र सिंगरने शोधले, असे अजूनही सर्रास लिहिले जाते. आयझॅक सिंगरचे पेटंट १८५१ सालचे आहे. त्याच्या आधी, १८४६ साली, इलायस हौ याने पेटंट घेतले होते. हौबद्दल आणखी एक गोष्ट सांगतात: त्याला स्वप्नात रानटी लोकांनी घेरले, त्यांच्या भाल्यांच्या टोकांना भोके होती, आणि जागा झाल्यावर त्याने टोकाला नेढे असलेली सुई बनवली. गोष्ट सुंदर आहे. मात्र टोकाशी नेढे असलेली सुई न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने त्याच्या दहा-बारा वर्षे आधीच यंत्रात वापरली होती. त्याने पेटंट घेतले नाही म्हणून श्रेय आणि पैसा दोन्ही गेले.

आणि त्याहीआधी फ्रान्समध्ये बार्तेलमी तिमोनिए होता. तो स्वतः शिंपी होता. १८३० साली त्याने यंत्राचे पेटंट घेतले आणि पॅरिसमध्ये सुमारे ८० यंत्रांवर सैन्याचे गणवेश शिवायला सुरुवात केली. १८३१ च्या जानेवारीत पॅरिसच्या शिंप्यांनी त्या कारखान्यात शिरून यंत्रे मोडून टाकली. तिमोनिए १८५७ साली गरिबीतच वारला. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत सिंगर, हौ आणि इतर यंत्रवाल्यांनी आपापसांतले खटले मिटवून पेटंटांचा एकत्र साठा केला होता आणि त्यानंतर प्रत्येक विकल्या गेलेल्या यंत्रामागे त्यांना पैसे मिळू लागले. ही हकिगत मी वर्गात सांगते तेव्हा मुली यंत्रे मोडणाऱ्यांना अडाणी ठरवून मोकळ्या होतात. मला ते पटत नाही. हाताच्या टाक्यावर घर चालवणाऱ्या माणसाला ८० यंत्रे एका रांगेत दिसली तेव्हा त्याला काय दिसले असेल, हे शिंप्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

काही दंतकथा मी स्वतःच शिकवल्या, हे इथे लिहिले पाहिजे. ढाक्याची मलमल बंद पडावी म्हणून इंग्रजांनी विणकरांचे अंगठे तोडले, ही गोष्ट मी सलग कितीतरी वर्षे भरल्या गळ्याने सांगत आले. एका वर्षी रावेरकडची एक मुलगी उठली आणि तिने शांतपणे विचारले, "मॅडम, हे त्या वेळी कोणी लिहून ठेवले आहे?" मी पुढच्या तासाला सांगते म्हटले आणि शोधायला बसले. जे हाती लागले ते विल्यम बोल्ट्स याचे १७७२ साली छापलेले लिखाण. बोल्ट्स स्वतः ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत राहिलेला होता. तो लिहितो ते विणकरांविषयी नाही. बंगालात रेशमाचा धागा उकलणाऱ्या कामगारांवर एवढी सक्ती होई की ते काम करावे लागू नये म्हणून त्यांनी स्वतःच आपले अंगठे कापून घेतल्याची उदाहरणे आहेत, असे तो सांगतो.

हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. मी सांगत होते त्या गोष्टीत एक दुष्ट राजसत्ता होती आणि एक तलवार होती. मूळ मजकुरात माणसाला स्वतःच्या हाताविरुद्ध उभे करणारी व्यवस्था आहे: आगाऊ रक्कम गळ्यात मारायची, ठरवलेल्याच भावाने माल घ्यायचा, दुसऱ्याला विकू द्यायचे नाही आणि गुमास्ते व शिपाई दारावर बसवायचे. पुढे विलायतेत हिंदी कापडावर जबर जकात बसली आणि इकडे गिरणीचे सूत व कापड उतरू लागले. विणकराचा माग बंद पडला तो अशा रीतीने. पुढच्या तासाला मी वर्गासमोर माझी चूक सांगितली आणि बोल्ट्सचा उतारा फळ्यावर लिहिला. त्या दिवशी मुली नेहमीपेक्षा गप्प होत्या.

युरोपातल्या बायकांच्या कॉर्सेटविषयीची, म्हणजे कंबर आवळणाऱ्या नाडीच्या चोळीविषयीची, कथाही अशीच भडक आहे. बारीक कमरेसाठी बायका खालच्या बरगड्या काढून घेत, असे छातीठोकपणे सांगितले जाते. शस्त्रक्रियेत भूल देण्याची सुरुवात १८४६ साली झाली आणि लिस्टर या शल्यविशारदाची जंतुनाशक पद्धत १८६७ ची आहे; त्याआधी हौसेसाठी पोट फाडून घेणे म्हणजे मरण होते, आणि त्यानंतरही अशा शस्त्रक्रियेचा विश्वासार्ह पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. संग्रहालयातला कॉर्सेट सपाट मांडून मोजला की माप फार कमी भरते, कारण नेसताना त्याच्या पाठीमागच्या दोन कडा एकमेकींना भिडत नसत. नाडीच्या मधे फट राहत असे. माप घेणाऱ्याने शिवणाऱ्याला विचारले असते तर ही चूक झाली नसती. कॉर्सेटमधून बायकांना कोणी सोडवले, यावर पॅरिसचे पोशाखकार पॉल प्वारे आणि कोको शनेल यांची नावे पुढे केली जातात. एकट्या माणसाने ते केलेले नाही. सुधारक स्त्रिया एकोणिसाव्या शतकापासून त्यासाठी लिहीत होत्या, मॅडलेन व्हिओने या पोशाखकर्तीचाही त्यात वाटा होता, आणि कॉर्सेट नाहीसा झाला असेही नाही. तो रबरी पट्ट्यांच्या रूपात पुढची कित्येक दशके कपड्यांखाली टिकून राहिला.

शनेलच्या नावावर काळा झगाही जमा आहे. १९२६ साली एका प्रसिद्ध अमेरिकी फॅशन मासिकाने तिच्या साध्या काळ्या झग्याचे चित्र छापले आणि त्याची तुलना फोर्ड मोटारीशी केली, हे खरे आहे. पण त्याआधी पॅरिस आणि लंडनच्या दुकानांत माल दाखवणाऱ्या मुली, घरकाम करणाऱ्या मोलकरणी आणि विधवा साधे काळे कपडे घालून वावरत होत्या. त्यांच्या अंगावर तो नोकरीचा किंवा दुःखाचा पोशाख होता. श्रीमंत बाईच्या अंगावर तोच चढल्यावर त्याला शोध म्हटले गेले. आपल्याकडे संक्रांतीला चंद्रकळा नेसणाऱ्या बायकांना काळ्या रंगाची शोभा सांगायला पॅरिसहून कोणी यावे लागले नाही. माझ्या आईची चंद्रकळा अजून पेटीत आहे आणि तिच्या घडीत आईने वेखंड ठेवलेले आहे.

आखूड स्कर्टच्या वादात फार गुंतण्यासारखे काही नाही. मेरी क्वांट आणि आंद्रे कुरेज या दोघा पोशाखकारांनाही त्याचे श्रेय दिले जाते, आणि क्वांटने स्वतःच ते लंडनच्या किंग्ज रोडवरच्या मुलींना देऊन टाकले. तिच्याविषयी मला त्यामुळे आदर वाटतो. स्त्रीमुक्तीवाल्यांनी अंतर्वस्त्रे जाळली, ही तर निव्वळ बातमीदारीची भर आहे. ७ सप्टेंबर १९६८ रोजी अटलांटिक सिटीत सौंदर्यस्पर्धेबाहेर निदर्शक स्त्रियांनी उंच टाचांचे बूट, खोट्या पापण्या, अंतर्वस्त्रे असे सगळे एका कचऱ्याच्या डब्यात टाकले. लाकडी फळ्यांच्या त्या रस्त्यावर आग पेटवायला परवानगी नव्हती आणि त्यांनी ती पेटवली नाही.

या साऱ्यांपेक्षा मला जवळची वाटणारी आणि आपल्या घरातच वाढलेली दंतकथा आहे ती शिवलेल्या कपड्यांची. मुसलमानी सत्ता येण्यापूर्वी या देशात शिवलेला कपडाच नव्हता, सारे नेसण्या-पांघरण्यावरच भागत असे, असे शिकलेली माणसेही बोलतात. जळगावहून फर्दापूरला उतरून अजिंठ्याला जायला दीड-दोन तास लागतात. खान्देशच्या वेशीवरच ती लेणी आहेत. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाचे चित्र आहे आणि त्यात नाचणारी स्त्री लांब बाह्यांच्या अंगरख्यात आहे. पाचव्या शतकातले हे चित्र आहे. मी मुलींना त्यासमोर उभे करते आणि फक्त बाहीकडे पाहायला सांगते. कापड कितीही चतुराईने गुंडाळले तरी मनगटापर्यंत हाताला धरून राहणारी बाही तयार होत नाही. ती बेतावी लागते, कातरावी लागते आणि खांद्याला जोडावी लागते. अमरकोशातही शिंप्याला 'तुन्नवाय' आणि 'सौचिक' अशी दोन नावे दिलेली आहेत, आणि 'चोल' व 'कूर्पासक' हे अंगात घालायच्या चोळीचे शब्दही तिथे शेजारी शेजारी सापडतात. ज्या समाजाकडे सुईवर जगणाऱ्या माणसासाठी दोन शब्द होते तिथे तो माणूस नव्हता, असे कसे म्हणायचे?

याची दुसरी बाजू नऊवारीची आहे. युद्धात घोड्यावर बसता यावे म्हणून नऊवारी निर्माण झाली, असे अलीकडे अभिमानाने सांगितले जाते. कासोटा घालून लढलेल्या स्त्रियांविषयी मला कमी आदर नाही. परंतु कासोटा प्राचीन शिल्पांत स्त्री-पुरुष दोघांच्याही नेसणीत दिसतो, आणि आमच्या भागात लुगड्याचा काष्टा घातला गेला तो वाकून निंदणी करण्यासाठी, विहिरीवरून पाणी ओढण्यासाठी, कमरेला ओटी बांधून कापूस वेचण्यासाठी. घोड्याची गोष्ट सांगताना शेतातली ती बाई चित्रातून निघून जाते.

फॅशन पॅरिसमध्ये जन्मते आणि आपल्यापर्यंत उशिरा पोहोचते, हा समजही खान्देशच्या माणसाने तरी बाळगू नये. मोगल काळात खान्देश सुभ्याचे मुख्य ठाणे असलेले बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, आमच्या रावेरपासून ते हाकेच्या अंतरावर. सतराव्या शतकात तिथे आलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवले आहे की, या शहरात आणि साऱ्या प्रांतात अतिशय तलम, पारदर्शक कापड मोठ्या प्रमाणावर तयार होते आणि ते इराण, तुर्कस्तान, मॉस्को, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जाते. त्याच शतकाच्या शेवटी हिंदी छिटांनी युरोपला इतके वेड लावले की फ्रान्सने १६८६ साली आणि इंग्लंडने १७०० व पुन्हा १७२१ साली कायदे करून त्यांना अटकाव केला. पोलंडच्या थंडीत कोणाच्या तरी अंगावर तापीकाठचे कापड होते, ही गोष्ट मला कुठल्याही पॅरिसच्या कथेपेक्षा जास्त हलवून जाते. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला तेव्हा खान्देशच्या कापसाला भाव चढला, त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली, आणि गाठोडी बांधून आमचा कापूस समुद्रापार गेला. त्या कापसाचे सूत कोणत्या घराण्याच्या बाईच्या झग्यात विणले गेले, याची नोंद कोणी ठेवली नाही.

नोंदीची सवय म्हणून आता मी दर वर्षी पहिल्या आठवड्यात मुलींना घरातला एक जुना कपडा आणायला सांगते. तो उलटा करायचा, शिवणी मोजायच्या, आणि वहीत चार रकाने भरायचे: कापड कोठले, बेतले कोणी, शिवले कोणी, काज-बटण कोणी केले. अनेकींचा पहिला रकाना कंपनीच्या नावाने भरतो आणि उरलेले तीन रिकामे राहतात. गेल्या वर्षी पारोळ्याकडची एक मुलगी आजीची खणाची चोळी घेऊन आली. चोळी सगळी हाताने शिवलेली होती. काखेत चौकोनी तुकडा तिरका घालून जोडलेला होता, त्यामुळे हात वर केला तरी चोळी ओढली जात नसे, आणि त्या तुकड्याच्या चारही कडांचे टाके तांदळाच्या कणीएवढे बारीक आणि अगदी एकसारखे होते. आजीने ती लग्नाआधी, तेराव्या वर्षी, स्वतः बेतून शिवली होती. मुलीने वही माझ्यासमोर ठेवली. तिच्या अक्षरात लिहिले होते:

कापड: खण, पारोळ्याच्या बाजारातून. बेतले: आजीने. शिवले: आजीने. काज-बटण: नाही, पुढे गाठ.